अर्ध्यावर आला तर

४ एप्रिल

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

पाकीट जाड लागलं म्हणून दचकू नकोस. आत एक फॉर्म आहे आणि त्यावर तुझी सही हवी आहे. कशासाठी ते सांगते, पण आधी बस. हाताला बाइंडिंगची खळ असेल तर पुसून घे. मागच्या वेळी तू माझं पत्र कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या वहीला चिकटवून ठेवलं होतंस.

आमच्या पाणी खात्याने अखेर ठरवलं. या महिन्याअखेर मीटर वाचणारी माणसं कमी करणार. अकरा जण आहोत, दोघं ठेवणार, तीही तिशीच्या आतली. साहेबांनी मला आत बोलावून खुर्ची पुढे केली तेव्हाच मी काय ते ओळखलं. सव्वीस वर्षांत त्या खोलीत मला कोणी बस म्हटलं नव्हतं. पेन्शन नाही, एकरकमी पैसे हातात ठेवणार. त्रेपन्नाव्या वर्षी मला दुसरी नोकरी कोण देणार, तेव्हा तेवढ्यावरच म्हातारपण काढायचं आहे. रडबिड काही आलं नाही. घरी येऊन चहा केला, त्यात साखर दोनदा घातली, एवढंच.

हे सगळं कशामुळे, तर त्या डबीमुळे. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या मीटरांवर बिनतारी डब्या बसवल्या ते तुला लिहिलं होतं. साबणाच्या वडीएवढी काळी डबी असते. किती पाणी गेलं ते ती हवेतून सांगते. आधी मी दिवसाला रस्त्यातल्या मीटरच्या चेंबरांची नव्वद झाकणं उचलायची, ओणवी होऊन बॅटरीच्या उजेडात आकडे वाचायची. आता कोपऱ्यावर हातात यंत्र धरून उभं राहिलं की अख्खी गल्ली घडाघडा बोलते.

तर मुद्दा असा की एक वर्षाचा खर्च बाजूला ठेवून बाकी सगळे पैसे मी या डबीवाल्या कंपनीच्या शेअरमध्ये घालणार आहे. थांब, ओरडू नकोस. माझ्या भागात चौदाशे डब्या आहेत. दोन वर्षांत एकोणीस बंद पडल्या, त्यांतल्या अकरा तर रस्ता खणणाऱ्यांच्या कुदळीने फुटल्या. चेंबरमध्ये गळ्यापर्यंत पाणी साचतं, उंदीर नांदतात, तरी त्या बोलतच असतात. आणि ज्या गावाने एकदा झाकणं उचलणं सोडलं ते पुन्हा उचलायला जाणार नाही, हे माझ्या कंबरेला विचार. पेपरात कोण काय म्हणतो त्यावरून मी हे लिहीत नाही. मी त्या डबीबरोबर दोन वर्षं काम केलं आहे.

आपले सगळे पैसे आईने दोघांच्या नावावर ठेवायला लावले, म्हणून तुझी सही. आणि पैशाचं फोनवर बोलायचं नाही हाही तिचाच नियम, म्हणून हे पत्र. त्या एका फोनपायी आपण आठ महिने एकमेकांशी बोललो नव्हतो. तेव्हा जे काय सुनवायचं असेल ते लिहूनच सुनव.

वहिनीला नमस्कार. कळावे. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तरी माझी हरकत नाही.

तुझी,
बारकी


१० एप्रिल

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. बसून वाचलं, मग उभा राहून वाचलं, मग तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. तिने तीन वेळा कपाळाला हात लावला.

नोकरीचं वाचून जीव कळवळला. सव्वीस वर्षं उन्हातान्हात काढलीस आणि तुझ्या पदरात एक खुर्ची टाकली, तीही पाच मिनिटांची. पण त्यापुढचं वाचून मात्र मी चक्रावलो. अगं, जिने तुझी भाकरी पळवली तिलाच तू पाटावर बसवून जेवायला वाढतेस? दुसरी कुठली कंपनी दिसली नाही? बँक कुठे पळून गेली होती? वहिनीचं म्हणणं की मुदत ठेवीत टाक आणि गप घरी बस. मला त्यातलं गप बसणं तुला जमेल असं वाटत नाही, पण ठेवीचं पटलं.

मला शेअर कळत नाहीत. मला कागद कळतो. कागदाला हात लावला की तो किती वर्षं टिकेल हे मी सांगू शकतो. शेअरला हात लावता येत नाही, आज आहे, उद्या नाही. आमच्या समोरच्या चष्म्याच्या दुकानदाराने मागे अशाच एका जोरदार कंपनीत पैसे घातले. आता तो त्या कंपनीचं नाव काढलं की दुकान बंद करून घेतो.

तरीही फॉर्मवर सही केली आहे. पैसे तुझ्या घामाचे आहेत, आणि एवढी कारणं तू लेखी दिलीस म्हणजे विचार केलेला दिसतो. पण माझी एक अट आहे. तू ज्या भावाने घेशील त्याच्या अर्ध्यावर आला तर काही न बोलता विकायचं. तेव्हा मला डबीच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. निम्मे तरी वाचतील. कबूल असेल तर तसं लिहून कळव, तोवर ही सही मनाने केलेली समजू नकोस.

प्रकृतीला जप. कळावे. रागावलो असलो तरी लोभात कपात नाही.

तुझा,
दादा


६ मे

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

कबूल. अर्ध्यावर आला तर विकायचं, अवाक्षर काढायचं नाही. घे, झालं लेखी. आता तरी मनाने सही कर.

एकशेवीसच्या भावाने घेतले. म्हणजे साठ ही तुझी लक्ष्मणरेषा. आज भाव एकशेएकतीस आहे, तेव्हा तुझी रेषा मला इथून दिसतही नाही.

शेवटच्या दिवशी निरोप दिला. भाषणं झाली. साहेबांनी माझं नाव चुकीचं घेतलं, मग चिठ्ठी बघून बरोबर घेतलं. भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. आता ज्या बाईला उद्यापासून कुठे वेळेवर जायचं नाही तिला घड्याळ देण्याची अक्कल कोणाची ते विचारलं नाही. बाकीच्या आठ जणांची तोंडं बघवत नव्हती. एकजण मला म्हणाला की डबीचे शेअर घेतलेस म्हणजे तू फितूर आहेस. मी त्याला म्हटलं की बाबा रे, ती डबी आपल्याला बाहेर काढू शकली म्हणजे किती पाण्याची आहे याचा विचार कर आणि जमलं तर तूही चार घे. त्याने घेतले नाहीत, पण हसला.

खोटं कशाला सांगू, सकाळी सहाला जाग येते आणि पाय आपोआप चपला शोधतात. मग मी चालून येते. जाता जाता जुन्या चेंबरांवरून पाय टाकते. आत ती बसलेली असते. मनात म्हणते, कामाला लाग बाई, आता माझं पोट तुझ्यावर आहे.

वहिनीला सांग, ठेवीचं व्याज काढून बघितलं. त्या व्याजात माझं दूध आणि अर्धं भाडं निघतं. बाकीचा अर्धा महिना मी जिन्यात काढू का ते विचारून कळव.

कळावे. मायेत खंड नको.

तुझी,
बारकी


२१ जून

चि. बारकीस,
अ. उ. आ.

एकशेअठ्ठावन्न! बघितलंस का? बघितलंच असशील. मी रोज बघतो. पेपर उघडला की आधी मागची पानं, बारीक अक्षरातली. चष्म्याचा नंबर वाढला त्याचा खर्च तुझ्याकडून घेणार आहे.

समोरच्या चष्मेवाल्याला परवा सहज सांगितलं की आमच्या बहिणीने बिनतारी तंत्राच्या कंपनीत पैसे घातले आहेत. त्याने विचारलं की तिला त्यातलं काय कळतं. मी म्हटलं की बाकीचे लोक पेपर वाचून पैसे घालतात, आमच्या बहिणीने चेंबरमध्ये उतरून घातले आहेत. मग माझं मलाच नवल वाटलं. एप्रिलमध्ये मी काय बोललो होतो आणि जूनमध्ये मिशांना पीळ देतो आहे.

आता एक गुपित. कटिंग मशीनच्या नव्या पात्यासाठी ठेवलेल्या पैशांतून थोडे शेअर घ्यावेत असं मनात आलं होतं. तुझ्या वहिनीला नुसता सुगावा लागला. तिने सांगितलं की बोथट पात्याने वह्या कापल्यात तर गिऱ्हाईक तुम्हाला कापतील, आणि दुसऱ्याच दिवशी बाजारातून पातं आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. विषय संपला.

आणि हो, आमच्याही गावात तुझ्या डब्या बसल्या म्हणे. चार हजार. आमच्या गल्लीतही गेल्या महिन्यात माणसं चेंबर उघडून काहीतरी करत होती. मला माहीत असतं तर चहा दिला असता.

कळावे. लोभही सध्या तेजीत आहे, हे जाणून असावे.

तुझा,
दादा


९ जुलै

चि. बारकीस,
अ. उ. आ.

हे पत्र घाईत लिहितो आहे. पेपरात आलं ते तुझ्याकडेही आलं असेल. आमच्याच गावच्या पाणी खात्याने जाहीर केलं की चार हजारांतल्या तीन हजार डब्या मुक्या आहेत. पुढची खरेदी थांबवली. कंपनीचं म्हणणं की चौकशी करू. भाव एका दिवसात एकशेपन्नासवरून शहाण्णव. त्यात अख्खा बाजारच आठवडाभर घसरतो आहे, चांगलं वाईट सगळं एका दोरीने खाली चाललं आहे.

काल दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला. आईचा नियम. तू कशी आहेस? जेवतेस ना? खरं काय ते लिही.

तुझा,
दादा


१३ जुलै

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

जेवते. दोन वेळा आणि व्यवस्थित. काल तर मोहरीची फोडणी करपली म्हणून पुन्हा नव्याने केली, इतकी शांत आहे.

आता माझं नीट ऐक. तीन हजार डब्या एका महिन्यात मरत नाहीत. माझ्या भागात दोन वर्षांत एकोणीस मेल्या, लिहिलं होतं ना? म्हणजे त्या मेलेल्या नाहीत, त्यांचा आवाज बाहेर येत नाही. आमच्याकडे पहिल्या पंधरा दिवसांत अगदी हेच झालं होतं. मी कोपऱ्यावर यंत्र घेऊन उभी आणि गल्ली गप्प. साहेबांनी ठरवलं की माल खराब. मग आमच्या फोरमनने एक झाकण उचलून बाजूला ठेवलं आणि डबी बोलायला लागली. झाकण परत टाकलं की गप्प. झाकणं बिडाची होती, हातभर जाड! लोखंडाखाली कोंडलं तर तिचा आवाज कसा बाहेर येणार? आम्ही प्लास्टिकची झाकणं टाकली आणि प्रश्न मिटला. याचा गाजावाजा कोणी केला नाही, कारण आधी बिडाची झाकणं ज्यांनी ठेवली त्यांनाच तो करावा लागला असता.

तर तुझ्या गल्लीत जा आणि झाकण बघ. बिडाचं असलं तर समज. मी तुमच्या पाणी खात्याला आणि कंपनीलाही तीन तीन पानांची पत्रं टाकली आहेत. उत्तर नाही. बाईमाणसाने हाताने लिहिलेलं पत्र कोण वाचणार. पण त्यामुळे माझं खरं खोटं होत नाही.

भाव खाली जाईल, अजून जाईल. ज्यांनी डबी पाहिलेली नाही ते विकतात. मी पाहिली आहे. एप्रिलमध्ये ती जशी होती तशीच आज आहे, बदलली आहेत ती फक्त माणसांची तोंडं. तू काळजी करू नकोस. करायचीच असेल तर गुडघ्यांची कर.

वहिनीला सांग की मी बरी आहे. कळावे. लोभ घसरू देऊ नये.

तुझी,
बारकी


२३ जुलै

चि. बारकीस,
अ. उ. आ.

काल भाव अठ्ठावन्नवर बंद झाला. साठच्या खाली.

हे पत्र लिहायला मला किती जड जातं आहे हे तुला कळेल. गल्लीत जाऊन झाकण बघितलं. बिडाचंच आहे. पण बारके, एवढे शिकलेले इंजिनियर, त्यांना झाकण दिसत नसेल का? तुझं खरं असेलही. पण तुझ्यासारखं म्हणणारी एक तू आणि विकणारे हजारो. मी या हजारोंना ओळखत नाही, तुला ओळखतो, आणि म्हणूनच मला भीती वाटते. तू एकदा ठाम झालीस की मागे वळून बघत नाहीस. लहानपणी त्या भिंतीवरून उडी मारता येईल असं तुला वाटलं होतं. तेव्हाही तू ठामच होतीस, आणि सहा आठवडे हात गळ्यात होता.

तुझ्यापाशी दुसरं काही नाही. नोकरी नाही, पेन्शन नाही. हे गेले तर सगळं गेलं. निम्मे तरी वाचव. याच दिवसासाठी मी अट घातली होती आणि तू कबूल केली होतीस. सोबत विक्रीचा फॉर्म आहे. माझी सही केली आहे. तू कर आणि मला परत पाठव, म्हणजे मी इथल्या दलालाकडे देतो. तिकडे ठेवू नकोस, तुझा हात मागे येईल.

दुकानात काम भरपूर आहे. चाळीस मोठ्या वह्यांची ऑर्डर आली आहे, जुजबंदीची शिलाई, कापडी कणा. बाकी लिहवत नाही.

रागाव, पण ऐक. कळावे.

तुझा,
दादा


२७ जुलै

ती. दादास,
सा. न.

सही केली. फॉर्म सोबत आहे.

मी शब्द दिला होता, तो पाळते. अवाक्षर काढायचं नाही असंही कबूल केलं होतं, ते मात्र पाळत नाही. एवढं बोलणारच. तू चुकतो आहेस. आज तू जे विकशील ते घेणारा कोणीतरी असेल, आणि तो माणूस माझ्या सव्वीस वर्षांच्या कंबरदुखीवर मजा मारेल. काल इथे दिवसभर धो धो पाऊस पडला. मी माझ्या जागी आलेल्या पोराकडून यंत्र मागून घेतलं आणि जुन्या कोपऱ्यावर छत्री धरून उभी राहिले. चेंबर तुडुंब. चौऱ्याऐंशी डब्यांपैकी चौऱ्याऐंशी बोलल्या. पोरगा म्हणाला की बाई, आता घरी जा. मी पुन्हा एकदा मोजून घेतलं आणि मग गेले.

मला पैशाचं वाईट वाटतं असं समजू नकोस. वाटतं, पण ते दुसऱ्या नंबरला. आयुष्यात एक गोष्ट मला साहेबांपेक्षा, पेपरवाल्यांपेक्षा जास्त कळली होती आणि तिच्यावर माझ्या सख्ख्या भावाचा विश्वास बसला नाही, हे पहिलं.

दे दलालाला. वहिनीला नमस्कार.

बारकी


७ ऑगस्ट

चि. बारकीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

विकले नाहीत. आधी हे वाच, मग श्वास घे, मग पुढचं.

तुझा फॉर्म मिळाला तसा दलालाच्या पेढीत घेऊन गेलो. तिथल्या कारकुनाने खालीवर बघितलं आणि विचारलं की ही बारकी कोण. मी सांगितलं, माझी बहीण. त्याने सांगितलं की असेल, पण आमच्या कागदांवर असं कोणी नाही. आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. बघतो तर काय, सहीच्या जागी तू ठसठशीत बारकी असं लिहून खाली रेघ मारली आहेस, जशी पत्राखाली मारतेस तशी! चाळीस वर्षांची सवय. मी हुज्जत घालायला हवी होती. मी त्याचे आभार मानले आणि पायऱ्या उतरताना मला इतकं हलकं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. तेव्हा कळलं की मला विकायचं नव्हतंच. मला फक्त भीती वाटत होती.

आता दुसरी कबुली. त्या चाळीस वह्या कोणाच्या, ते मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. आमच्या पाणी खात्याच्या. डब्या मुक्या झाल्या म्हणून पुन्हा वह्या घेऊन मीटर वाचायला निघाले आणि वह्या शिवायला माझ्याकडे आले. तुझी डबी पडली त्यावर माझं दुकान चाललं होतं. ते मला तुला सांगवेना.

दुसऱ्या दिवशी आमचा मीटरवाला पहिल्या दहा वह्या न्यायला आला. त्याला झाकणाचं सांगितलं. त्याने सांगितलं की भर रस्त्यात झाकण उघडं ठेवलं आणि कोणी पडलं तर नोकरी जाईल. मग मी म्हटलं की उघडं कशाला, माझ्याकडे पुठ्ठा आहे. वह्यांच्या कव्हरचा जाड पुठ्ठा, तीन तीन थर एकावर एक चिकटवले आणि बारा झाकणं कापली. वहिनीने आणलेलं नवं पातं काय चाललं म्हणून सांगू! रविवारी सकाळी आम्ही गल्लीत उतरलो. मी, मीटरवाला आणि वहिनी. वहिनी हातात लाटणं घेऊन सायकली थोपवत होती. लाटणं का घेतलं होतं ते तिलाच ठाऊक.

बिडाची झाकणं होती तेव्हा बारा चेंबरांपैकी एक डबी बोलत होती, तीही झाकणाचा कोपरा तुटला होता म्हणून. बिडाची काढली, पुठ्ठ्याची टाकली. मीटरवाला कोपऱ्यावर गेला, यंत्र चालू केलं, आणि तिथूनच दोन्ही हात वर करून नाचायला लागला. बारांपैकी अकरा! बाराव्या चेंबरमध्ये डबी बसवलीच नव्हती, नुसती कागदावर होती, ते प्रकरण आता वेगळं चालू आहे. मी रस्त्याच्या कडेला बसकण मारली. समोरच्याला वाटलं मला चक्कर आली.

सोमवारी त्यांचा इंजिनियर आला. त्याने दुसऱ्या गल्लीत स्वतः करून बघितलं. मग विचारलं की ही अक्कल कोणाची. मी तुझं तेरा जुलैचं पत्र त्याच्या हातात दिलं. तुझं तीन पानी पत्र त्यांच्या कचेरीत न फोडता पडून होतं, ते त्याने शोधून काढलं. चार हजार प्लास्टिकची झाकणं मागवली आहेत. आणि तुला विचारायला सांगितलं आहे की सहा महिने पगारावर येशील का, गल्लोगल्ली लोकांना दाखवायला. माझी पुढची वह्यांची ऑर्डर अर्थातच रद्द. इतक्या आनंदाने ऑर्डर घालवणारा बाइंडर बघायचा असेल तर ये.

पेपरात अजून काही आलेलं नाही. भाव परवा पंचावन्न होता, आज एकसष्ट. अर्ध्याची अट मी घातली होती, ती मीच मागे घेतो. लेखी. तू म्हणशील तोवर ठेवू.

आणि तुझ्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य मी पुन्हा वाचू शकलो नाही. चुकलो.

तुझा,
दादा

ता. क. बारकी, मी वहिनी. ह्यांनी एक गोष्ट लिहिलेली नाही आणि लिहिणारही नाहीत, म्हणून पाकीट चिकटवण्याआधी मी लिहिते. भाव साठच्या खाली गेला त्या संध्याकाळी, तुला ते कडक पत्र लिहिण्याच्या आधी, ह्यांनी मागची खोली रिकामी केली. सगळे कागदाचे गठ्ठे दुकानात हलवले, मग दोन दिवसांत भिंती रंगवल्या, पलंग आणला, खिडकीला कडी बसवली. मला बजावलं की बारकी आता इथेच राहील आणि शेअरचा ब्र जरी तिच्यासमोर काढलास तर बघ. तुला वाटेल दादाने फक्त अट घातली, म्हणून सांगितलं. मी सांगितल्याचं बोलू नकोस.


१२ ऑगस्ट

ती. दादास आणि सौ. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र जिन्यातच फोडलं आणि जिन्यातच बसून वाचलं. शेजारणीने विचारलं की काही वाईट बातमी आहे का. मी पदराने डोळे पुसत मान हलवली, त्यामुळे तिने मला पाणी आणून दिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बसली. आता तिला खरं सांगायची सोय उरली नाही.

सहीचं मुद्दाम केलं का असं विचारशील. आईची शपथ, नाही. राग इतका होता की मी कोण हेही आठवेना, आणि तुझ्या नावाच्या कागदावर माझा हात दुसरं काही लिहीतच नाही.

दादा, आता मीही एक कबुली देते. मी जेवत होते असं लिहिलं ना, ते अर्धंच खरं होतं. डबीबद्दल मला क्षणभरही शंका आली नाही, आजही नाही, आणि हा भाव एक दिवस माझ्या एकशेवीसला मागे टाकेल हे मी तुला आजच्या तारखेला लिहून देते. पण माझ्याबद्दल शंका यायची. डबी टिकेल, कंपनी टिकेल, आणि तोवर मीच टिकले नाही तर? कोणाच्या दारात जाऊ? पहाटे उठून हाच विचार करायची आणि सकाळी तुला टवटवीत पत्र लिहायची. इतके दिवस एकटी राहते आहे, की आपल्यासाठी कुठे खोली असेल हे डोक्यातच आलं नाही. आणि तिथे तू भिंती रंगवत होतास.

वहिनी, मी हे बोलणार नव्हते. बोलले. मारायचं तर लाटणं आहेच.

तुमच्या इंजिनियरला होकार कळवला आहे. मंगळवारी सकाळच्या गाडीने येते. त्याच खोलीत राहीन. तू ती रंगवलीस तेव्हा मी सगळं घालवून येणार असं धरून रंगवली होतीस. मी कामावर रुजू व्हायला येते आहे, आणि पहिल्या पगारातून भाडं देणार आहे. तू घेणार नाहीस हे माहीत आहे, तरी देणार आहे.

दर पत्राखाली लोभ असावा असं काहीतरी लिहायची आपली रीत. आज लिहीत नाही. तो आहे हे मला कळलं.

तुमची,
बारकी